कोचच्या टोपीची जागा

हे मी लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडून होतो. अमेरिकन फुटबॉल मला तेव्हा कळत नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही अर्धाच कळतो. ज्यांच्याविषयी लिहायचं, ते त्या खेळातले एवढे मोठे कोच की त्यांच्यावर लिहिण्याचा हक्क सांगणारे त्यांच्या राज्यात गल्लोगल्ली सापडतील. शिवाय आमच्या घरात लिहिण्याची सवय नाही. वडिलांचं बार्शीत सायकल दुरुस्तीचं दुकान, आईला अक्षरओळख नाही. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. तेव्हा खेळाबद्दल काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. मला एका उन्हाळ्यात जेवढे दिसले, तेवढेच कोच मी सांगणार आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत मी एम.एस.ला होतो आणि कॅम्पसवरच्या म्युझियममध्ये पार्टटाइम काम करत होतो. काम मिळालं ते हात स्थिर होता म्हणून. तेव्हा प्रदर्शनाची लेबलं कॉम्प्युटरवर होत नसत. एका पारदर्शक कागदावर अक्षरं छापलेली असायची. तो पाटीवर धरून एकेक अक्षर घासून उमटवायचं. लहानपणापासून सायकलच्या चाकातल्या तारा सरळ केलेल्या, त्यामुळे माझी ओळ वाकडी जात नसे.

त्या वर्षी म्युझियमनं निवृत्त कोचच्या सन्मानार्थ एक मोठं दालन उभं करायला घेतलं होतं. ट्रॉफ्या, फोटो, मॅचचे बॉल, आणि मधोमध एका काचेच्या पेटीत त्यांची तपकिरी फेल्ट टोपी. ही टोपी म्हणे राज्यातल्या लहान मुलांनाही ओळखता यायची. मला ना टोपी माहीत होती, ना माणूस.

म्हणून एका सकाळी सामान उतरवायच्या मागच्या दारातून एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला तेव्हा मी त्यांना अडवलं.

“सर, पाहुण्यांसाठी पुढचं दार आहे.”

“पाहुण्यांसाठीच आहे,” ते म्हणाले. “घरची टीम बाजूनं येते.” आणि आत येऊन त्यांनी घडीच्या खुर्चीला बुटानं हलकी लाथ मारली, ती पडत नाही याची खात्री केली, आणि स्वतःच्या भल्यामोठ्या फोटोकडे पाठ करून बसले. खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या.

ही खुर्चीला लाथ आणि फोटोकडे पाठ रोजची होती. पुढं एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले, “त्या माणसाला मी सत्तर वर्षं बघतोय. कंटाळा आलाय.”

त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “तू काय खेळायचास?”

“कबड्डी, सर.”

“सर पोलिसाला म्हणतात. कबड्डीत काय करतात?”

मी सांगितलं. श्वास रोखायचा, एकट्यानं दुसऱ्यांच्या हद्दीत जायचं, त्यांना शिवायचं.

“बॉल कुठं असतो?”

“बॉल नसतो.”

त्यांनी शेंग सोलायची थांबवली. “बॉल नाही? मग एवढी मारामारी कशासाठी?”

“परत येण्यासाठी,” मी म्हटलं.

 त्यांनी शेंगांची पिशवी माझ्यापुढं केली. त्या दिवसापासून मी त्यांचा ‘सेंटर’ झालो.

इथं सांगायला हवं की कोच कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस दिसला की ते त्याला मैदानावर कुठंतरी उभं करत आणि तेच त्याचं नाव होई. म्युझियमच्या डिरेक्टर मार्था, पीएच.डी. झालेल्या, शिस्तीच्या बाई. त्यांना ते ‘क्वार्टरबॅक’ म्हणत, कारण सगळं ठरवणार त्या आणि शिव्या खाणार त्या. सुतारकाम करणारा दांडगा माणूस ‘टॅकल’, अंगानं वाट अडवणारा. स्वतःच्या बायकोलाही ते ‘सेफ्टी’ म्हणत. सगळ्यांच्या मागं उभी राहून, बाकीच्यांच्या हातून निसटलेलं पकडणारी.

“मी सेंटर का?” मी विचारलं होतं.

“प्रत्येक डावात बॉल आधी सेंटरच्या हातात असतो. तो मान खाली घालून मागं देतो आणि त्याच क्षणी समोरचा धटिंगण त्याच्या अंगावर येतो. पुढं बॉलचं काय झालं ते त्याला दिसत नाही. कुणीतरी सांगावं लागतं.”

“हे चांगलं आहे की वाईट?”

“तुझी पाठ मजबूत असली तर चांगलं.”

मी स्वभावानं भिडस्त. वर्गात प्रोफेसरांना शंका विचारायची तर आधी मनात वाक्य जुळवायचो, ते जुळेपर्यंत तास संपायचा. एकदा एका लेबलात माझ्याकडून अक्षर चुकलं. मी गुपचूप ते खरवडत बसलो होतो तर कोच मागं येऊन उभे. “चूक मोठ्यानं कर,” ते म्हणाले. “हळू केलेली चूक मला दुरुस्त करता येत नाही.” हे वाक्य ते मला वरचेवर ऐकवायचे. मी बोलताना पुटपुटलो की नुसतं म्हणायचे, “मोठ्यानं!”

गावात नागपूरचे एक डॉक्टर काका राहायचे. आम्हा दोन-चार मराठी पोरांना ते शनिवारी घरी बोलवत. जेवण काकूंचं आणि टीव्हीवर मॅच काकांची. मी जेवता जेवता सहज म्हणालो की म्युझियममध्ये कोच माझ्याशेजारी बसून शेंगा खातात.

काकांचा घास हातातच राहिला. “कोण? ते? अगं ए, ऐकलंस का, हा काय म्हणतोय!”

“मग एकदा जेवायला घेऊन ये की त्यांना,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “पिठलं आवडेल शेंगा खाणाऱ्या माणसाला.”

“जेवायला काय! ते काय आपल्या मंडळाचे सेक्रेटरी आहेत?” काका माझ्याकडे वळले. “बाळा, तुला कळतंय का तू कुणाबरोबर बसतोस? माझे पेशंट ऑपरेशन टेबलवर त्यांच्या मॅचच्या गोष्टी सांगतात. त्यांना एकदा त्या मॅचचं विचार. विचारच, यार!” उत्साहात आले की काका मलाही यार म्हणत.

ती मॅच म्हणजे फार वर्षांपूर्वीची. शेजारच्या राज्याची टीम त्या सीझनला कुणाकडूनही हरली नव्हती. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि डाव चालवणारा, डावखुरा होता आणि त्याला अडवणं कुणाला जमलं नव्हतं. कोचच्या पोरांनी मात्र त्याला त्या दिवशी हलूच दिलं नाही. आमच्या दालनाची सगळ्यात मोठी भिंत त्याच मॅचसाठी राखलेली होती.

मी विचारलं. कोच म्हणाले, “ती मॅच आम्ही मंगळवारी जिंकलो. शनिवारी फक्त लोकांना दाखवली.”

मग त्यांनी मला स्काउट टीम समजावली. कॉलेजच्या टीममध्ये काही पोरं अशी असतात की त्यांना शनिवारच्या खऱ्या मॅचमध्ये कधीच उतरवत नाहीत. त्यांचं काम एकच. पुढच्या शनिवारी जी टीम समोर येणार, तिचे डाव पाठ करायचे आणि आठवडाभर सरावात ती टीम बनायचं. तिच्यासारखं धावायचं, तिच्यासारखं फेकायचं, आणि आपल्याच मुख्य खेळाडूंचा मार खायचा. पुढच्या आठवड्यात ते सगळं विसरून दुसरी टीम बनायचं. शनिवारी स्वच्छ कपडे घालून कडेला उभं राहायचं.

“त्या वर्षी माझ्याकडं एक डावरा होता,” कोच म्हणाले. “काटकुळा, शेतकऱ्याचा पोरगा. तो आठवडाभर त्यांचा क्वार्टरबॅक झाला. इतका हुबेहूब, की फेकायच्या आधी त्यांच्या पोराचा खांदा जसा उचलायचा तसा याचाही उचलला जायला लागला. मंगळवारी माझ्या पोरांनी तो खांदा ओळखला. संपली मॅच.”

दालन जवळजवळ तयार झालं तेव्हा कोचनी जाहीर केलं की उद्घाटनाआधी सराव झाला पाहिजे. प्रेक्षक ही समोरची टीम. ती कुठून आत येईल, कुठं थांबेल, काय वाचणार नाही, हे आधी बघितलंच पाहिजे. मार्था हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. आणि स्काउट टीम म्हणून अर्थातच माझी नेमणूक झाली.

रोज सकाळी कोच मला एक माणूस नेमून देत. “आज तू बँकेचा मॅनेजर. घाईत आहेस, बायकोनं ओढून आणलंय.” मग मी हात मागं बांधून भरभर फिरायचो आणि कोच बघायचे मी कुठं वळतो. एकदा मी शेजारच्या राज्याचा समर्थक झालो आणि हळूच म्हणालो, “ही ट्रॉफी काही खास नाही.”

“मोठ्यानं! तू आमचा द्वेष करतोस!”

“ही ट्रॉफी,” मी ओरडलो, “आमच्याकडं दाराला अडसर म्हणून वापरतात!”

टॅकल हातोडा टाकून हसत सुटला. मार्था ऑफिसमधून धावत आल्या. कोचच्या डोळ्यात पाणी आलं होतं हसून. मला इंग्रजी येत होतं, पण अमेरिकनांशी बोलायला मी शिकलो तो त्या दालनात, दुसऱ्या कुणाची तरी सोंगं घेऊन.

उद्घाटन आठवड्यावर आलं होतं त्या सकाळी त्यांनी मला आई नेमून दिली.

“तुझा मुलगा माझ्याकडं खेळला. तू म्हातारी आहेस, लांबून आलीस, इथं पहिल्यांदा पाऊल टाकतेस. चल.”

म्हातारी अमेरिकन बाई कशी चालते ते मला माहीत नव्हतं. मला एकच आई माहीत होती. दहावीचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागला तेव्हा माझी आई बाजारातून तशीच शाळेत आली होती. तिला वाचता येत नाही. तिनं तिथल्या शिपाईमामांना सांगितलं, “माझ्या पोराचं नाव कुठं हाय, तिथं बोट ठिवा.” त्यांनी बोट ठेवलं. मग तिनं त्यांचं बोट बाजूला सारून तिथं आपलं ठेवलं.

तेव्हा मी तिच्यासारखाच आत आलो. ट्रॉफ्यांकडे पाहिलं नाही. टोपीकडेही नाही. त्या मोठ्या भिंतीपाशी गेलो, थोडा वेळ उभा राहिलो आणि कोचकडे वळून म्हणालो, “मला वाचता येत नाही. माझ्या मुलाचं नाव कुठं आहे, तिथं बोट ठेवाल का?”

कोच उठले. त्यांना खेळ आवडला होता. “ठेवतो की, मॅडम. कुठल्या जागी खेळायचा तुमचा मुलगा?”

“शनिवारी नाही खेळायचा,” मी म्हणालो. “मंगळवारी खेळायचा. तो डावरा.”

मी काही ठरवून म्हणालो नव्हतो. त्यांनीच सांगितलेला मुलगा, तोच माझ्या डोक्यात होता. कोचनी बोट उचललं आणि ते भिंतीवरून फिरायला लागलं. मग थांबलं. ते काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं,” टॅकल लांबून थट्टेनं म्हणाला.

कोचना ऐकू गेलं नसावं. ते मला म्हणाले, “मला त्याचं नाव माहीत नाही.” हे ते आईला सांगत होते की मला, कळलं नाही. “मी त्याला डावरा म्हणायचो. मी त्याला कधी विचारलंच नाही.”

त्या दिवशी त्यांनी शेंगा संपवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा मार्था आणि कोच टोपीच्या पेटीपाशी समोरासमोर उभे होते. पेटीला अजून कुलूप लागलेलं नव्हतं आणि टोपी कोचच्या डोक्यावर होती.

“कोच, ती टोपी म्युझियमची आहे.”

“दानपत्रावर मी सही केली?”

“उद्या करणार होतात तुम्ही!”

“आता नाही करणार. ही पेटी मला त्या पोरांसाठी पाहिजे. सगळ्या वर्षांची स्काउट टीम. नावं.”

“त्यांची नावं कुठून आणायची?” मार्थांचा आवाज चढला. “खेळ खात्याकडं फक्त मॅचमध्ये उतरलेल्यांची नोंद आहे, मी काल तुमच्यासमोरच विचारलं. देणगीदार टोपी बघायला येणार आहेत. मधोमध रिकामी पेटी ठेवू?”

“टोपी बघायला मिळेल. मी येणार आहे की.”

मार्था रागानं ऑफिसात गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी आपला फोन लांब वायरसकट बाहेर आणून कोचच्या घडीच्या खुर्चीजवळ ठेवला आणि परत गेल्या.

पुढचे सगळे दिवस कोच फोनवर होते. जुन्या खेळाडूंना एकामागून एक फोन. सुरुवात तशीच व्हायची. “लेफ्ट गार्ड, मी बोलतोय. नाही, मेलो नाही. ऐक, तू सरावात रोज ज्याला पाडायचास तो लाल केसांचा, त्याचं नाव काय रे?” पलीकडचे बहुतेक चटकन सांगायचे. मार दिलेला आणि मार खाल्लेला, दोघं एकमेकांना विसरत नाहीत असं दिसलं. मग कोच ते नाव मला सांगायचे, मी म्हणून दाखवायचो आणि घासून उमटवायचो. कधी नसे, इतकी त्या दिवसांत मला अक्षरांची भीती वाटत होती. एकही वाकडं जाऊन चालणार नव्हतं.

एका दुपारी फोन खाली ठेवल्यावर त्यांनी मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते चुकीचं म्हटलं. मी दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा चुकीचं म्हटलं, पण मोठ्यानं. शेवटी जमलं. त्यानंतर त्यांनी मार्थांना त्यांच्या नावानं हाक मारली तेव्हा त्या दचकून मागं वळून पाहायला लागल्या, कोण बोलावतंय म्हणून.

डावऱ्याचं नाव मात्र कुणालाच आठवेना. सगळ्यांना त्याचा खांदा आठवत होता. तो एकच सीझन होता, वडील वारले म्हणून शेतावर परत गेला, एवढं कळलं. नाव नाही.

“‘अनोळखी’ असं लिहूया?” मार्थांनी सुचवलं.

“तो अनोळखी नाहीये,” कोच म्हणाले. “मी त्याला ओळखतो. मला त्याचं नाव माहीत नाही. दोन्हीत फरक आहे.”

मग मी तिथं एक ओळ मोकळी सोडली. वरची आणि खालची नावं जेवढ्या अंतरावर होती, त्याच अंतरात मधली रिकामी ओळ.

उद्घाटनाला डॉक्टर काका सूट घालून आले होते, काकू नारायणपेठी साडी नेसून. काकूंनी पिठलं नाही, पण वड्यांचा डबा आणला होता आणि कोचनी तो गर्दीतच उघडून उभ्यानं खाल्ला. “शेंगांच्या आहेत,” काकू म्हणाल्या. “मला समजलं,” कोच म्हणाले. काका नंतर वर्षभर लोकांना हा संवाद सांगत होते.

देणगीदार मोठ्या भिंतीपुढं फोटो काढत होते. मधल्या पेटीभोवती वेगळीच माणसं जमली. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, काही शेतातून सरळ आल्यासारखे. ते वाकून वाचायचे आणि नाव सापडलं की काचेवर बोट ठेवायचे. कुणी बायकोचं बोट धरून ठेवायचं. थोड्या वेळात काच बोटांच्या ठशांनी भरून गेली. मी सवयीनं फडकं घेऊन पुढं झालो तर कोचनी माझा हात धरला.

“ही काच पुसायची नाही.”

ते संध्याकाळभर टोपी घालून त्या पेटीशेजारीच उभे होते. लोक त्यांच्याशी बोलत होते पण त्यांची नजर सारखी खाली, येणाऱ्यांच्या हातांवर. मला वाटलं दमले असतील. घरी जाताना काकांच्या गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. कोण कुठल्या हातानं बोट ठेवतो, ते बघत होते ते.

पुढं माझं शिक्षण झालं आणि मी दूर दुसऱ्या राज्यात, चँडलरला, एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागलो. आई-वडिलांना एकदा आणून ते म्युझियम दाखवायचं मनात होतं. ते राहूनच गेलं. कोचना मी दर ख्रिसमसला कार्ड पाठवायचो. त्यांच्याकडून कधी उत्तर आलं नाही, शेंगांचं पाकीट मात्र यायचं.

दशक संपत आलं होतं. एका दुपारी ऑफिसमध्ये फोन आला. मार्था होत्या. आवाज ऐकला आणि कशासाठी असेल ते समजलं.

“कोच गेले,” त्या म्हणाल्या. “घरीच. त्यांची सेफ्टी जवळ होती.”

मी समोरचे कागद बाजूला सारले.  मार्था म्हणाल्या, “अजून एक सांगायचंय. तुला आधीच कळवणार होते, राहिलं. गेल्या हिवाळ्यात एक माणूस आला होता. नातीला घेऊन, बाहेर बर्फ पडत होता म्हणून आत शिरलेला. त्या पेटीपाशी बराच वेळ उभा होता. मग गार्डला म्हणाला, ‘ही मोकळी जागा माझी असावी बहुतेक.’ गार्डनं मला बोलावलं. मी विचारलं, का वाटतं? त्यानं काचेवर बोट ठेवलं.”

“डावं,” मी म्हणालो.

“डावं. मी तिथूनच कोचना फोन लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्यानं नाव सांगितलं. कोच पलीकडून एवढ्या जोरात ओरडले की मला ऐकू आलं.”

“काय ओरडले?”

“मोठ्यानं, म्हणाले. मग त्यानं पुन्हा सांगितलं. भर दालनात. ती नात लाजली बिचारी.” मार्थांना हसू आलं असावं, किंवा दुसरं काही. “ती ओळ अजून रिकामीच आहे. आता आमच्याकडं मशीन आलंय, अक्षरं एका मिनिटात होतात. पण कोचनी बजावलं होतं की ते सेंटरनंच लावायचं. आणि त्याला फोन करा, म्हणाले. पुढं काय झालं ते त्याला दिसत नाही, सांगावं लागतं.”

पुढच्या शनिवारी येतो म्हणालो. मग मी नाव विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी लिहून घेतलं. आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं मान वर करून बघत असताना मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. लाइल टेस्की.